इब्न जुहर : श्वासाची वाट आणि तीमारदारीचा धडा

रमजानचा रोजा आजारी माणसाला माफ आहे. बरे वाटल्यावर त्याने राहिलेले रोजे पूर्ण करावेत, अशी सवलत आहे. आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करणे, म्हणजे अयादत, ही तर मोठी नेकी मानली जाते. पण अयादतीच्या पुढेही एक पायरी असते. भेटायला आलेला माणूस अर्ध्या तासाने उठून जातो. जो मागे राहतो, उशी सरळ करतो, जखम पुसतो, घोटघोट पाणी पाजतो आणि रात्री दोनदा उठून आजाऱ्याचा श्वास ऐकतो, तो तीमारदार. मराठीत आपण या कामाला शुश्रूषा म्हणतो. इलाज करणाऱ्या हकिमांची नावे इतिहासाने जपली, तीमारदारांची फार कमी. अंदलुसमधल्या एका हकिमाच्या आयुष्यात मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्यांचे नाव अबू मरवान अब्दुल मलिक इब्न जुहर. युरोपने त्यांना अवेंझोअर म्हणून ओळखले.

आजच्या स्पेनचा बराच मोठा भाग त्या काळी अंदलुस म्हणून ओळखला जात होता आणि तिथे मुस्लिमांची सत्ता होती. त्या मुलखाच्या दक्षिणेकडे वादी-उल-कबीर नदीच्या काठी इशबीलिया नावाचे भरभराटीचे शहर होते. हेच आजचे सेव्हिल. नदीचे अरबी नावही किंचित बदलून आजच्या ग्वादालकिविर या नावात टिकून आहे. या शहरात अकराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इब्न जुहर यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून येऊन पूर्व स्पेनमधल्या शातिबा गावी स्थायिक झाले होते. पणजोबा धर्मशास्त्राचे जाणकार होते. आजोबांनी पूर्वेकडच्या देशांत जाऊन वैद्यक शिकून घेतले आणि तिथपासून या घराण्यात सलग पाच पिढ्या हकीम झाले. घरातल्या बैठकीत नाडी, ताप, काढे आणि पथ्य यांचीच चर्चा. मुलाच्या कानावर अक्षरांबरोबर औषधांची नावे पडत होती.

वडील अबुल अला जुहर हे तर दरबारी हकीम. इशबीलियाचा कविराजा मोतमिद याच्याकडे त्यांनी चाकरी केली आणि १०९१ मध्ये मोतमिदचे राज्य गेल्यावर नवे राज्यकर्ते मुराबित यांच्याकडेही त्यांना मानाचे पद मिळाले. स्वभाव मोठा करारी. त्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. इराकहून आलेल्या एका व्यापाऱ्याने इब्न सिना यांच्या कानून या जगप्रसिद्ध ग्रंथाची देखणी प्रत त्यांना नजराणा म्हणून दिली. अबुल अला यांनी ती चाळली आणि त्यांना ती पसंत पडली नाही. ग्रंथालयात ठेवण्याऐवजी त्यांनी त्या पानांचे कोरे समास कापले आणि रुग्णांना औषधे लिहून देण्यासाठी वापरले. गोष्ट थोडी अतिशयोक्त असेलही, पण त्या घराचे वळण तिच्यातून कळते. पुस्तकात लिहिले आहे म्हणून मान डोलवायची नाही, रुग्णाच्या अंगावर काय दिसते ते पाहायचे, हे मुलाने वडिलांकडूनच घेतले. वैद्यकाला हात घालण्यापूर्वी वडिलांनी त्यांच्याकडून जुन्या यूनानी परंपरेतली हकिमाची शपथही घेववली होती.

त्या काळच्या प्रतिष्ठित हकिमांचा एक रिवाज होता. नाडी पाहावी, लघवी तपासावी, औषध आणि पथ्य सांगावे. रक्त काढणे, डाग देणे, गळू फोडणे, जखमा बांधणे ही हाताची कामे मात्र नोकर आणि मदतनीस करीत. इब्न जुहरही याच वर्गातले. अशी कामे हकिमाच्या इभ्रतीला शोभत नाहीत, हा त्या वर्गाचा समज त्यांनाही अपरिचित नव्हता. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचा तर त्यांना तिटकारा होता. पण स्वभावात एक खोड होती. औषध स्वतः कुटून, मिसळून, चाखून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. ही खोड त्यांना एके दिवशी एका बकरीपाशी घेऊन गेली.

प्रश्न घशाचा होता. घसा सुजून, आतून दाटून माणूस गुदमरतो, अशा आजाराला अरबी वैद्यकात खुनाक म्हणत. रुग्ण शुद्धीवर असतो, डोळे उघडे असतात, छाती भात्यासारखी हलते, पण हवा आत जात नाही. समोर बसलेल्या हकिमाकडे त्या घडीला देण्यासारखे काही नसते. काढा गिळता येत नाही, लेपाला वेळ नसतो. जुन्या ग्रंथांत यावर एक उपाय लिहिलेला होता. दुसऱ्या शतकातला यूनानी शल्यचिकित्सक अँटिलस याने अडथळ्याच्या खाली, मानेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेत छेद घ्यावा, असे सांगितले होते. सातव्या शतकात एजिना बेटावरच्या पॉलने ते आपल्या ग्रंथात उतरवून घेतले आणि त्याच्यामार्फत ते अरबी वैद्यकात आले. उपाय कागदावर होता. चाकू उचलायला मात्र कोणी धजत नव्हते.

भीतीचे कारणही होते. श्वासनलिका कुर्च्यांच्या कड्यांची बनलेली असते. कुर्चा एकदा कापली की पुन्हा जुळून येत नाही, ती जखम भरणार नाही आणि रुग्ण जाईल, असा समज खोल रुजला होता. कुर्तुबाजवळच्या जहरा नगरीतले थोर शल्यचिकित्सक अबुल कासिम जहरावी यांचे निधन १०१३ मध्ये झाले. आपल्या मुलखात हे धाडस केलेला कोणीच पाहिला नाही, असे त्यांनी तीस भागांच्या तसरीफ या ग्रंथात नमूद केले आहे. त्यांच्या अनुभवात एक प्रसंग मात्र होता. एका दासीने सुरी घेऊन स्वतःचा गळा कापून घेतला. जहरावी यांना बोलावले गेले. जखमेतून श्वासाची हवा बुडबुड्यांसारखी बाहेर येत होती, पण मोठी रक्तवाहिनी वाचली होती. त्यांनी टाके घातले, उपचार केले आणि ती मुलगी बरी झाली. आवाज तेवढा घोगरा राहिला. यावरून श्वासनलिकेचा छेद जीवघेणाच असतो असे नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही हा अपघाताने मिळालेला एकच दाखला होता.

इब्न जुहर तेव्हा शिकत होते. ही सगळी मतमतांतरे वाचून झाल्यावर त्यांनी वाद घालत बसण्यापेक्षा पारखून पाहायचे ठरवले. एक बकरी घेतली. मानेवरची कातडी कापली, खालचा पडदा बाजूला केला आणि श्वासनलिकेचा एक छोटा तुकडाच काढून टाकला. त्याचे मापही त्यांनी लिहून ठेवले आहे. तिकडे तुर्मुस नावाचे चपटे कडधान्य खातात, त्याच्या एका दाण्याएवढे. नुसती चीर दिली असती तर कडा आपोआप मिटल्या असत्या आणि वाद तसाच राहिला असता. तुकडाच काढल्यामुळे खरी परीक्षा झाली.

आता इथून पुढे त्यांनी जे केले, त्यासाठी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. बकरीला तसेच सोडून, मरते की जगते एवढेच ते पाहत बसले नाहीत. पाण्यात मध घालून त्या पाण्याने जखम धुवायला सुरुवात केली. ती पूर्ण भरून येईपर्यंत ते धूत राहिले. जखम भरली. बकरी पुढे बराच काळ जगली.

छेद घ्यायला काही मिनिटे लागली असतील. जखम धुण्याचे काम मात्र दिवसांचे होते. हाताची कामे नोकरांवर सोपवणाऱ्या वर्गातला एक तरुण हकीम, एका मुक्या जनावराच्या मानेवरचे छिद्र मधाच्या पाण्याने साफ करत होता. ती धुलाई झाली नसती तर बकरी पू होऊन मेली असती, आणि कुर्चा भरत नाही या जुन्या समजावर आणखी एक शिक्का बसला असता. प्रयोग सिद्ध झाला तो तीमारदारीमुळे. मध निवडण्यातही अनुभव होता. मधात साखर दाट असते आणि तो किंचित आम्ल असतो, त्यामुळे त्यात जंतूंची वाढ सहजी होत नाही. जंतूंचा शोध तेव्हा शेकडो वर्षे दूर होता, पण मधाने जखम स्वच्छ राहते हे लोकांना माहीत होते. कुरआनातही मधात शिफा असल्याचा उल्लेख आहे.

हा प्रयोग इब्न जुहर यांनी आपल्या ग्रंथात थोडक्यात, कसलीही फुशारकी न मारता नोंदवला. माणसावर हा छेद घेतल्याची नोंद मात्र त्यांनी केलेली नाही. आधी जनावरावर पारखावे आणि मगच माणसाच्या बाबतीत मत द्यावे, ही रीत त्यांनी पाळली. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

पुढे त्यांचे नाव वाढत गेले. वडिलांप्रमाणे तेही मुराबित राज्यकर्त्यांच्या सेवेत होते. ११२१ मध्ये त्यांनी इब्राहीम बिन यूसुफ या शहजाद्यासाठी इक्तिसाद नावाचा ग्रंथ लिहिला. शरीर आणि मन दोन्ही नीट राहावीत यासाठी काय करावे, याचे ते मार्गदर्शन होते. ११३१ मध्ये वडील वारले. त्यानंतर दरबाराचे वारे फिरले. मुराबित सुलतान अली बिन यूसुफ याची मर्जी खप्पा झाली. इब्न जुहर यांना इशबीलिया सोडून पळावे लागले, पण ते पकडले गेले आणि ११४० मध्ये मराकशच्या तुरुंगात टाकले गेले. राजाची नाडी पाहणाऱ्या हकिमाला कैद्याची भाकर खावी लागली. हे दुःख त्यांच्या मनातून कधी गेले नाही. पुढच्या लिखाणात या सुलतानाचा उल्लेख येतो तेव्हा कडवटपणा लपत नाही.

११४७ मध्ये सत्ता पुन्हा पालटली. मुवाहिद घराण्याने मराकश घेतले, इशबीलियाही घेतले. इब्न जुहर आपल्या शहरात परतले. नवा खलिफा अब्दुल मोमिन याने त्यांना मान दिला, आणि त्यांनी त्याच्यासाठी अन्नपदार्थांच्या गुणदोषांवर एक ग्रंथ लिहिला. रुग्णाच्या कलाने घेण्याची त्यांची हातोटी सांगणारी एक गोष्ट याच काळातली. तेराव्या शतकातले दमिश्कचे हकीम इब्न अबी उसैबिया यांनी हकिमांची चरित्रे लिहिली, त्यात ती आली आहे. खलिफाला जुलाबाच्या औषधाची गरज होती, पण औषधाच्या नुसत्या वासाने त्याला मळमळत असे. इब्न जुहर यांनी जबरदस्ती केली नाही. बागेतल्या एका द्राक्षवेलीला त्यांनी रेचक औषधे भिजवलेले पाणी घालायला सुरुवात केली. द्राक्षे पिकल्यावर एक घड खलिफापुढे ठेवला. दहा मणी खाऊन होताच त्यांनी थांबायला सांगितले, कारण तेवढे पुरेसे होते. औषध लागू पडले आणि खलिफा खूश झाला. वेलीतून औषध द्राक्षात कितपत उतरेल, यावर आजचा वाचक शंका घेईल. पण औषधाला नाक मुरडणाऱ्या रुग्णाशी कसे वागावे, हे त्यातून नक्की कळते.

याच चरित्रग्रंथात एका गरीब माणसाचीही हकिकत आहे. इब्न जुहर राजवाड्याकडे जात, तेव्हा वाटेत एक आजारी माणूस पडलेला दिसे. पोट फुगलेले, चेहरा पिवळा पडलेला. एके दिवशी ते त्याच्याजवळ थांबले, तपासले आणि मग आजूबाजूला नजर टाकली. उशाशी पाण्याचे एक जुनाट मडके होते. ते फोडायला त्यांनी सांगितले. माणूस काकुळतीला आला, कारण त्याच्याकडे दुसरे भांडे नव्हते. शेवटी नोकराकरवी मडके फोडले, तर आतून चांगला पोसलेला बेडूक बाहेर पडला. तो माणूस इतके दिवस तेच पाणी पीत होता. नंतर तो बरा झाला. रोग्याच्या अंगाबरोबर त्याचे अंथरूण, पाणी, भांडे हेही पाहावे लागते, हे शुश्रूषा शिकवणारे आजही पहिल्या दिवशी सांगतात.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ याच उत्तरायुष्यातला. नाव अत्-तैसीर. पूर्ण नावाचा अर्थ मुदावात आणि तदबीर सोपी करून सांगणे असा होतो. मुदावात म्हणजे औषधोपचार. तदबीर म्हणजे रुग्णाचे खाणेपिणे, झोप, हवा, स्नान, विश्रांती यांची रोजची व्यवस्था. ग्रंथाच्या नावातच त्यांनी इलाज आणि देखभाल शेजारीशेजारी बसवली. कुर्तुबाचे विख्यात तत्त्वज्ञ आणि हकीम इब्न रुश्द हे त्यांचे तरुण स्नेही. इब्न रुश्द यांनी वैद्यकाच्या मूलतत्त्वांवर कुल्लियात हा ग्रंथ लिहिला, आणि एकेका अवयवाच्या आजाराचा प्रत्यक्ष उपचार ज्याला हवा असेल त्याने तैसीर वाचावा, असे त्यात सुचवले. दोन ग्रंथ जोडीने वाचले जाऊ लागले.

तैसीरमध्ये हृदयाभोवतीच्या आवरणाला येणारी सूज आणि तिथे साचणारे पाणी यांचे वर्णन आहे. छातीच्या मध्यभागातल्या गाठींचे आहे. घशाच्या लकव्याचे आहे. अन्ननलिका बंद झाल्याने ज्याला गिळता येत नाही, अशा रुग्णाला उपाशी मरू द्यायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता. अशा रुग्णाच्या घशातून चांदीची नळी हळूच आत सरकवून दूध आणि पातळ अन्न पोचवावे, ही युक्ती त्यांनी सांगितली. तेही जमत नसेल तर गुदमार्गाने पोषक द्रव द्यावा. आज रुग्णालयात नाकातून पोटात घातलेल्या नळीने रुग्णाला पेज आणि दूध देतात, तेव्हा त्या नळीच्या लांबलचक इतिहासात इशबीलियाची ही चांदीची नळीही येते.

घरातही हा वारसा पुढे गेला, आणि केवळ मुलांकडे नाही. मुलगा अबू बक्र मोठा हकीम झाला आणि अरबी काव्यातही त्याने नाव कमावले. त्याच्याबरोबर इब्न जुहर यांची मुलगी आणि तिची मुलगी याही वैद्यक शिकल्या. स्त्रियांचे आजार आणि बाळंतपणे यांत त्या दोघी निष्णात होत्या. मुवाहिद खलिफा मन्सूर याच्या जनानखान्यात त्यांनाच बोलावले जाई. बाराव्या शतकातल्या एका घरात आई आणि मुलगी दोघींनी हकिमी शिकावी, आणि राज्याने त्यांच्या हाती आपल्या घरातल्या बायकांचा जीव सोपवावा, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इब्न जुहर यांच्या शेवटच्या आजाराचीही हकिकत इब्न अबी उसैबिया यांनी दिली आहे. इशबीलियात त्यांचे एक समकालीन हकीम होते, त्यांना अंजीर फार आवडे. इब्न जुहर अंजिराच्या वाटेला क्वचितच जात. दोघांची यावरून थट्टा चाले. अंजीर खात नाही म्हणून तुला वाईट गाठ होईल, असे ते मित्र म्हणत. इतके अंजीर खाऊन तुला आचके येतील, असे इब्न जुहर त्यांना सुनावत. गंमत म्हणजे मित्र आचक्यांच्या आजारानेच गेले. इब्न जुहर यांच्या कुशीत दुर्धर गाठ आली. ते स्वतःच तिच्यावर लेप आणि औषधे करीत. मुलगा अबू बक्र जवळ बसून हे औषध बदलून पाहू, ते घालून पाहू, असे सुचवत असे. वडिलांचे म्हणणे इतकेच होते की अल्लाहला ही काया मोडायचीच असेल, तर त्याच्या मर्जीला पूरक ठरेल तेच औषध हाताला लागेल. औषध मात्र त्यांनी सोडले नाही. ११६२ मध्ये इशबीलियात त्यांचे निधन झाले.

पुस्तक मागे राहिले आणि प्रवासाला निघाले. तैसीर हिब्रूत गेला, हिब्रूतून लॅटिनमध्ये, आणि १४९० मध्ये व्हेनिसला छापला गेला. युरोपातल्या वैद्यकशाळांत तो पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. घसा बंद झालेल्या माणसाच्या श्वासनलिकेत छेद घेऊन त्याला वाचवल्याची यशस्वी नोंद इटलीतल्या ब्रासावोला या वैद्याच्या नावावर १५४६ मध्ये होते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ट्रूसो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांसाठी ही शस्त्रक्रिया नेटाने वापरली. आज तिला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. अपघात, मेंदूला मार, लकवा, घशाचा कर्करोग, दीर्घकाळ व्हेंटिलेटर, अशा कारणांनी ती करावी लागते.

१९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. रुग्णांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मानेत छेद घेऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायची, हा मार्ग सुचवला. पुरेशी यंत्रे नव्हती. मग सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी रुग्णांच्या उशाशी बसले आणि दिवसरात्र, आठवड्यामागून आठवडे, हातानेच श्वास देत राहिले. नळीत साचणारा कफ ओढून काढण्याचे कामही तिथे सतत चाले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. छेद शल्यचिकित्सकाने दिला होता. जीव मात्र उशाशी बसलेल्या माणसांनी धरून ठेवला होता.

आजच्या आयसीयूमध्ये हे काम नर्स करते. मानेतल्या नळीने श्वास घेणाऱ्या रुग्णाची पहिली अडचण अशी की त्याला सहसा बोलता येत नाही. हवा स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर पडते, आवाज उमटत नाही. जीव घाबरला तरी हाक मारता येत नाही. म्हणून त्याच्या हाताशी घंटी, पाटी किंवा कागद-पेन ठेवावे लागते, आणि त्याहून जास्त नर्सच्या कानांवर आणि डोळ्यांवर भिस्त असते. छातीतली घरघर, वाढलेली धाप, बेचैनी, ओठांवरची निळसर छटा, मशीनवर घसरणारा ऑक्सिजनचा आकडा यांवरून तिने ओळखायचे की नळीत कफ साचला आहे.

मग सक्शन. हात धुऊन, निर्जंतुक हातमोजे घालून, आधी थोडा वेळ जादा ऑक्सिजन द्यायचा. आत घालायची बारीक नळी मुख्य नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको, नाहीतर हवेची वाटच बंद होते. ती आत सरकवताना ओढ बंद ठेवायची, बाहेर काढताना सुरू करायची. सगळे दहा ते पंधरा सेकंदांत आटोपायचे, कारण सक्शन कफाबरोबर फुफ्फुसातली हवाही ओढून घेते. घड्याळ लावून उगाच करायचे नाही, गरज दिसली की करायचे. प्रत्येक वेळी रुग्णाला खोकला येतो, डोळ्यांत पाणी येते. काय करणार आहे ते आधी सांगणे, झाल्यावर खांद्यावर हात ठेवणे, हाही त्या कामाचाच भाग.

बाकीची कामे दिसायला किरकोळ. नाक हवेला गरम आणि ओलसर करते. नळीतून जाणारी हवा नाकाला वळसा घालते, म्हणून ती मुद्दाम ओलसर करावी लागते, नाहीतर कफ सुकून नळीत खडा होतो. आतली नळी काढून धुवायची. छिद्राभोवतीची कातडी सलाइनने पुसून कोरडी ठेवायची. इथे आता घरातला मध चालत नाही, निर्जंतुक द्रवच लागतो. मानेभोवतीची पट्टी फार सैल नको, फार घट्ट नको. त्याच मापाची एक आणि एक लहान मापाची, अशा दोन नळ्या पलंगाशी तयार हव्यात, कारण नळी निसटली तर शोधाशोध करायला वेळ नसतो.

अनेक रुग्ण नळीसह घरी जातात. तेव्हा नर्स घरातल्या एकदोघांना हे सगळे शिकवते. पहिल्या दिवशी बायकोचे हात थरथरतात, मुलगा तोंड फिरवतो. आठवड्याभरात तेच हात सरावतात. मग रात्री घरघर ऐकू आली की कोणीतरी न सांगता उठते, हात धुते, दिवा लावते.

रमजानच्या दिवसांत सहेरीसाठी मोहल्ला जागा होतो, तेव्हा शहरातल्या रुग्णालयांत रात्रपाळी अजून संपलेली नसते. त्यातल्या काही नर्सही डबा उघडून, चार घास खाऊन रोज्याची नियत करतात आणि पुन्हा रुग्णाच्या उशाशी जातात. ज्यांचा धर्म वेगळा आहे, त्या तोवर त्यांचा पलंग सांभाळतात. तिथे पडलेल्या माणसाला शुक्रिया म्हणायलाही आवाज नसतो. तो डोळे मिटतो, उघडतो. नर्स नळी तपासते, पट्टी सरळ करते आणि वहीत वेळ लिहून पुढच्या पलंगाकडे जाते.